इकॉनॉमिक्समध्ये सात, तरी अर्ज अडला: एका विद्यार्थिनीचं पूर्ण प्रकरण

मी गणित शिकवते, आणि दरवर्षी एकदोन मुलं तरी अशी येतात की ज्यांना इकॉनॉमिक्स करायचंय, इकॉनॉमिक्समध्ये मार्कही चांगले आहेत, पण युनिव्हर्सिटीच्या पानावरची प्रवेशाची अट वाचल्यावर रडकुंडीला आलेली असतात. त्यातलंच हे एक प्रकरण जरा सविस्तर लिहिते, कारण यात जवळजवळ सगळे पर्याय तपासून झाले आणि आता निकालही हातात आहे. मुलीचं नाव, शाळा, गाव काही देत नाहीये, त्याने काही फरकही पडत नाही.

मुलगी आयबी डिप्लोमाच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या जागी असलेल्या आंतरराष्ट्रीय बोर्डाच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या, पहिल्या वर्षाच्या शेवटाला होती. हायर लेव्हलला इकॉनॉमिक्स, हिस्टरी आणि इंग्लिश. स्टँडर्ड लेव्हलला बायॉलॉजी, एक भाषा आणि मॅथ्स. प्रत्येक विषयाला ७ पैकी गुण असतात, आणि शाळेचा अंदाज इकॉनॉमिक्समध्ये ७, हिस्टरी आणि इंग्लिशमध्ये ६, मॅथ्समध्येही ७. कागदावर बघितलं तर काळजी करावी असं काहीच नाही. पण मॅथ्स कुठलं घेतलंय हे विचारलं तेव्हा कळलं की अॅप्लिकेशन्स अँड इंटरप्रिटेशन, तेही स्टँडर्ड लेव्हल.

ज्यांना आयबीची सवय नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. २०१९ पासून आयबीत मॅथ्सच्या दोन वाटा आहेत, एक अॅनालिसिस अँड अप्रोचेस आणि दुसरी अॅप्लिकेशन्स अँड इंटरप्रिटेशन, दोन्ही स्टँडर्ड आणि हायर अशा दोन पातळ्यांवर. अॅनालिसिसमध्ये बीजगणित, कॅल्क्युलस (बदलाच्या दराचं गणित), सिद्धता यांवर भर आणि पहिला पेपर कॅल्क्युलेटरशिवाय. अॅप्लिकेशन्समध्ये मॉडेलिंग आणि स्टॅटिस्टिक्सवर भर आणि सगळ्या पेपरांत कॅल्क्युलेटर चालतो. स्टँडर्डला शिकवण्याचे १५० तास धरलेत, हायरला २४०. म्हणजे हिचं गणित चारांपैकी सगळ्यात हलकं होतं, आणि ते तिने विचार करूनच घेतलं होतं बरं का. तिला सांगितलं गेलं होतं की इकॉनॉमिक्सला आकडेमोड आणि आलेख लागतात, ते यात सगळं आहे, आणि हायरचे तीन विषय आधीच जड आहेत तर उगाच ओझं का वाढवा. ऐकायला पटण्यासारखंच आहे.

आता अटी बघा. केंब्रिजच्या इकॉनॉमिक्सची नेहमीची ऑफर आयबीत हायरला ७-७-६, आणि त्यात मॅथ्स हवंच. ए-लेव्हलवाल्यांना, म्हणजे इंग्लंडची बारावीच्या पातळीची परीक्षा देणाऱ्यांना, ए-स्टार, ए-स्टार, ए (ए-स्टार हा सगळ्यात वरचा ग्रेड). एलएसईच्या (लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स) बीएस्सी इकॉनॉमिक्सला ए-लेव्हल मॅथ्समध्ये ए-स्टार मागतात, आयबीवाल्यांनाही हायर मॅथ्सशिवाय तिथे जागा नाही. नेदरलँड्सच्या बऱ्याच युनिव्हर्सिटीज इकॉनॉमिक्ससाठी अॅप्लिकेशन्सचं स्टँडर्ड गणित धरतच नाहीत. दिल्ली विद्यापीठात बीए ऑनर्स इकॉनॉमिक्सला जायचं तर सीयूईटी या सामायिक प्रवेश परीक्षेत गणित द्यावंच लागतं. देश बदलले, बोर्डं बदलली तरी अट फिरून तिथेच येते. आणि आता जे बहुतेकांना माहीतच नसतं ते सांगते, केंब्रिज असो की एलएसई, शाळेत इकॉनॉमिक्स हा विषय घेतलेला असणं सक्तीचं नाही. म्हणजे ज्या विषयात हिला ७ मिळणार होते तो नसता तरी चाललं असतं, आणि जो विषय तिने जाणूनबुजून हलका घेतला तोच लागणार होता.

तिचे बाबा पहिल्या भेटीत जरा चिडूनच बोलले. "अहो मॅडम, ही सोशल सायन्स आहे ना, मग एवढं गणित कशाला? हा नुसता गाळण्याचा प्रकार आहे." मला वाटतं हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही, कारण याचं उत्तर पटलं नाही तर मूल पुढचं वर्षभर रडतखडत अभ्यास करतं. केंब्रिजला इकॉनॉमिक्सचा स्वतंत्र अभ्यासक्रम १९०३ साली आल्फ्रेड मार्शलने सुरू केला आणि तो स्वतः गणितातून आलेला होता, पुढचा मोठा अर्थतज्ज्ञ केन्स, त्याची पदवीसुद्धा गणिताचीच. पण इतिहास सांगून बाबांना पटणार नव्हतं, म्हणून मी मुलीलाच एक उदाहरण दिलं.

इलॅस्टिसिटी तिला येत होती, किमतीत अमुक टक्के बदल झाला तर मागणीत किती टक्के. मी म्हटलं, समज मागणी म्हणजे १०० भागिले किमतीचा वर्ग. किंमत ४ असेल तर मागणी ६.२५, किंमत ५ झाली तर मागणी ४. आता इलॅस्टिसिटी काढ. तिने पटकन काढली, किंमत २५ टक्के वाढली, मागणी ३६ टक्के घटली, उत्तर उणे १.४४. बरोबर. मग म्हटलं आता उलटी काढ, किंमत ५ वरून ४ वर आली. किंमत २० टक्के घटली, मागणी ५६.२५ टक्के वाढली, उत्तर उणे २.८१. ती थांबली. तोच आलेख, तेच दोन बिंदू, मग दोन उत्तरं कशी? मध्यबिंदूची पद्धत लावून बघितली तर उणे १.९८ च्या आसपास आलं. खरं उत्तर आहे उणे २, आलेखावर कुठेही उभे राहा उणे २ च, आणि ते एका ओळीत दिसतं, फक्त लॉगरिदम आणि डेरिव्हेटिव्ह (एका बिंदूवरचा बदलाचा दर) यायला हवेत. युनिव्हर्सिटीत पहिल्या काही आठवड्यांतच इलॅस्टिसिटी अशीच मांडतात, टक्केवारीचा हिशोब मागे पडतो. शाळेत मागणीची रेषा आयती मिळते आणि आपण ती डावीउजवीकडे सरकवतो. तिथे ती रेषा मुळात येते कुठून हे काढायचं असतं, म्हणजे माणसाची आवड एक फंक्शन, खिशातले पैसे ही मर्यादा, आणि त्या मर्यादेत फंक्शन जास्तीत जास्त कुठे जातं ते शोधायचं. पार्शल डेरिव्हेटिव्ह, लॅग्रांजची पद्धत, हे सगळं पहिल्याच वर्षी. तिच्या अभ्यासक्रमात तर चेन रूल, म्हणजे फंक्शनच्या आत फंक्शन असलं की डेरिव्हेटिव्ह काढायचा साधा नियमसुद्धा नव्हता.

म्हणून मी प्रवेशाच्या अटीकडे गाळणी म्हणून बघत नाही. पहिल्या वर्षाच्या वर्गात पहिल्या दिवशी काय येतंय असं धरून शिकवतात, ते आधीच लिहून दिलेलं असतं, इतकंच. गणिताची अट नसलेला कोर्स आणि ती असलेला कोर्स यांची नावं सारखी असली तरी आतला अभ्यास पुष्कळदा वेगळा असतो, आणि हे प्रत्येकाने त्या कोर्सच्या पहिल्या वर्षाच्या विषयांची यादी उघडून बघितलंच पाहिजे. मी तिला तेच करायला लावलं, नुसती अट नाही, अटीच्या शेजारी पहिल्या वर्षाचे सक्तीचे पेपर लिहून काढायचे. दोनतीन कोर्स झाल्यावर तिलाच दिसायला लागलं की कुठे क्वांटिटेटिव्ह मेथड्स सक्तीचं आहे आणि कुठे तेच ऐच्छिक.

मग पर्याय मांडले. पहिला सरळ, मॅथ्स बदलून अॅनालिसिस हायरला जायचं. पहिले एकदोन महिने असते तर मी हाच सांगितला असता, पण एक वर्ष संपलं होतं आणि २४० तासांच्या अभ्यासातला अर्धा भाग वर्गात होऊन गेला होता, शाळेनेही नाही म्हटलं आणि मला ते योग्य वाटलं, कारण यात बाकीचे दोन हायर विषय पण बुडाले असते. अॅनालिसिस स्टँडर्डला जाणं शक्य होतं पण त्याने इंग्लंडमधल्या वरच्या कोर्सेसचा प्रश्न सुटत नव्हता.

दुसरा पर्याय, गणिताची अट हलकी असलेले कोर्स. पॉलिटिक्सबरोबर इकॉनॉमिक्स, आर्थिक इतिहास, डेव्हलपमेंट स्टडीज, किंवा मँचेस्टरसारख्या ठिकाणी बीएस्सी आणि बीए अशा दोन वेगळ्या वाटा असतात तसं काहीतरी. याला लोक कमी समजतात ते मला अजिबात पटत नाही. ज्याला धोरण, इतिहास, संस्था यांत रस आहे त्याने असाच कोर्स घ्यावा, हिस्टरी हायर असलेल्या हिला तर तो शोभलाच असता. पण तिला पुढे इकॉनॉमिक्समध्येच मास्टर्स करायचं होतं, आणि मास्टर्सच्या दारात पुन्हा तीच अट उभी राहते, तेव्हा कॅल्क्युलस, लिनियर अल्जिब्रा, इकॉनोमेट्रिक्स (आकडेवारीवरून आर्थिक संबंध तपासणं) किती केलंय हेच विचारतात. म्हणजे प्रश्न तीन वर्षं पुढे ढकलला जातो.

तिसरा, अमेरिकेतली पद्धत. तिथे बहुतेक ठिकाणी आल्याआल्या विषय ठरवावा लागत नाही, पहिल्या वर्षी कॅल्क्युलस घ्यायचं, सोबत मायक्रो मॅक्रोची ओळख, आणि मग मेजर, म्हणजे मुख्य विषय, जाहीर करायचं. गणित मागे राहिलेल्या मुलांसाठी ही सगळ्यात दयाळू व्यवस्था आहे असं माझं मत. खर्चामुळे त्यांच्या घरी हा पर्याय बाजूला पडला.

चौथा फाउंडेशन वर्ष, म्हणजे पदवीच्या आधीचं तयारीचं एक वर्ष. पाचवा, आयबी आहे तसं चांगलं पूर्ण करायचं, एक वर्ष थांबायचं आणि त्या वर्षात ए-लेव्हल मॅथ्स बाहेरून द्यायचं. फाउंडेशनमध्ये वर्ष तेवढंच जातं, खर्च मात्र पूर्ण वर्षाचा आणि बऱ्याचदा ते एका ठरावीक युनिव्हर्सिटीपुरतंच चालतं. म्हणून आम्ही पाचव्याकडे वळलो, पण त्याआधी एक काम केलं आणि ते न करता कोणीही यात पडू नये. ज्या ज्या युनिव्हर्सिटीत अर्ज करायचा तिथल्या अॅडमिशन ऑफिसला तिने स्वतः ईमेल लिहिलं, माझ्याकडे आयबी पूर्ण असेल, मॅथ्स अॅप्लिकेशन्स स्टँडर्ड आहे, त्यानंतरच्या वर्षात मी ए-लेव्हल मॅथ्स वेगळं देणार आहे, तुमची हायर मॅथ्सची अट याने पूर्ण धरली जाईल का, आणि ग्रेड कोणता लागेल. उत्तरं सगळीकडून सारखी आली नाहीत. काहींनी स्पष्ट हो म्हटलं, एकीने सगळे विषय एकाच वेळी दिलेले हवेत असं कळवलं, एकीने अर्ज आल्यावर बघू म्हटलं. जिथे नाही होतं ती नावं तिथेच यादीतून गेली, वर्ष घालवून नंतर कळण्यापेक्षा हे कितीतरी बरं. आणि ती ईमेलं जपून ठेवा, पुढे अर्जाच्या वेळी तीच कामाला येतात.

परीक्षा निवडताना पिअर्सन एडेक्सेल या बोर्डाचं इंटरनॅशनल ए-लेव्हल घेतलं, कारण ते युनिटवार देता येतं. सहा युनिट, त्यात प्युअर मॅथ्सची चार आणि बाकी दोन आपल्या निवडीची, प्रत्येक दीड तासाचं, आणि परीक्षा ऑक्टोबर, जानेवारी आणि मे-जूनमध्ये होते. इंग्लंडमधल्या साध्या ए-लेव्हलमध्ये तिन्ही पेपर उन्हाळ्यात एकदमच द्यावे लागतात आणि त्यात मेकॅनिक्सही येतं. हिने निवडीची दोन्ही युनिट स्टॅटिस्टिक्सची घेतली, इकॉनॉमिक्ससाठी तेच उपयोगाचं. युनिटवार देण्याचा दुसरा फायदा असा की बाहेरून बसणाऱ्या विद्यार्थ्याची मोठी अडचण असते अंदाजित ग्रेड कोण देणार ही, पण ऑक्टोबरमध्ये दिलेल्या युनिटांचा निकाल जानेवारीत हातात येतो, म्हणजे अंदाजाऐवजी खरे मार्क दाखवता येतात.

आयबीचं दुसरं वर्ष तिने गणिताचं काहीही जास्तीचं न करता पूर्ण केलं, हा माझा हट्ट होता, कारण ७ हातचा गेला असता तर सगळीच योजना कोसळली असती. जुलैत निकाल लागला, एकूण ४५ पैकी ३९, इकॉनॉमिक्समध्ये ७. आणि मग खरं काम सुरू झालं.

पहिले दोन महिने फार वाईट गेले, आणि कारण कॅल्क्युलस नव्हतंच. कारण होतं बीजगणित. दोन वर्षं प्रत्येक समीकरण कॅल्क्युलेटरने सोडवलं की हाताची सवय जाते, कंस सोडवणं, घातांक उलटे करणं, अपूर्णांकातला अज्ञात बाहेर काढणं, यात ती अडखळायची आणि स्वतःवर चिडायची. डेरिव्हेटिव्हची कल्पना तिला एका दिवसात कळली कारण मार्जिनल कॉस्ट (एक नग जास्त बनवण्याचा खर्च) तिला आधीच माहीत होती, पण ते काढून झाल्यावर शून्याशी बरोबर ठेवून सोडवताना गाडी अडायची. म्हणून आम्ही मागे गेलो, लाज न बाळगता अगदी नववी दहावीच्या पातळीवर, आणि रोज तासभर नुसतं हाताने बीजगणित. मला इथे ठामपणे सांगायचंय की अशा मुलांना थेट इंटिग्रेशन शिकवायला घेऊ नका, खालची वीट हलतेय तोवर वर काही टिकत नाही.

उलट स्टॅटिस्टिक्समध्ये ती माझ्या बाकीच्या विद्यार्थ्यांच्या पुढे होती. अॅप्लिकेशन्सच्या अभ्यासक्रमात टी-टेस्ट आणि काय-स्क्वेअर टेस्ट या आकडेवारीवरून दावा तपासायच्या चाचण्या असतात, स्टँडर्डलासुद्धा, आणि अॅनालिसिसमध्ये त्या नसतात. हायपॉथिसिस म्हणजे काय, पी-व्हॅल्यू कशी वाचायची हे तिला सहज यायचं. इकॉनोमेट्रिक्समध्ये रोज हेच लागतं, तेव्हा त्या गणिताला नुसतं हलकं म्हणून सोडून देणंही बरोबर नाही.

ऑक्टोबरला पहिलं प्युअर आणि पहिलं स्टॅटिस्टिक्स दिलं. जानेवारीत दुसरं, तिसरं प्युअर आणि दुसरं स्टॅटिस्टिक्स. चौथं प्युअर उन्हाळ्यासाठी ठेवलं. यामागे हिशोब होता, ए-स्टार मिळवायला नुसती एकूण बेरीज पुरत नाही, ६०० पैकी ४८० तर हवेतच, शिवाय तिसऱ्या आणि चौथ्या प्युअरमध्ये मिळून २०० पैकी १८० हवेत. म्हणजे सगळा जोर त्या दोन युनिटांवर ठेवायचा आणि तिसऱ्यात कमी पडले तर उन्हाळ्यात ते पुन्हा देता येईल अशी जागा ठेवायची.

मध्येच टीएमयूए आलं. एलएसई, वॉरिक, केंब्रिज अशा ठिकाणी इकॉनॉमिक्ससाठी ही गणिताची प्रवेश परीक्षा द्यावी लागते, दोन पेपर, प्रत्येकी २० प्रश्न आणि ७५ मिनिटं, कॅल्क्युलेटर नाही, फॉर्म्युल्यांचं पुस्तक नाही, १ ते ९ अशी श्रेणी, आणि एका प्रवेशवर्षात एकदाच बसता येतं. केंब्रिजला ऑक्टोबरचीच बैठक लागते, तेव्हा ते नाव आम्ही सोडून दिलं, नुकतंच बीजगणित सावरणाऱ्या मुलीला ऑक्टोबरमध्ये त्यात ढकलणं मला मान्य नव्हतं. जानेवारीत दिली. पहिला पेपर बरा गेला, दुसऱ्यात तर्काचे प्रश्न असतात, अमुक विधान तमुकासाठी पुरेसं आहे की आवश्यक आहे, असे, आणि तिथे तिचा वेळ संपला. गुण मध्यम आले.

यूकॅस, म्हणजे ब्रिटनमधल्या युनिव्हर्सिटींना एकत्र अर्ज करायची व्यवस्था, त्यात पाचच जागा मिळतात. दोन टीएमयूएवाल्या, दोन अशा की ज्या ती परीक्षा मागत नाहीत पण मॅथ्समध्ये चांगला ग्रेड मागतात, आणि एक इकॉनॉमिक्स-पॉलिटिक्सची. अर्जातल्या लेखी उत्तरांत तिने गणिताचा विषय टाळला नाही, कुठलं गणित घेतलं होतं, ते का पुरेसं नव्हतं आणि त्यावर काय करतेय हे सरळ लिहिलं, त्यात इलॅस्टिसिटीचं ते दोन उत्तरांचं उदाहरणही घातलं. माझ्या मते अर्जातला तो सगळ्यात जिवंत भाग होता. टीएमयूएवाल्या दोन्ही जागांनी नकार दिला. बाकी तिन्हींनी ऑफर दिली, एकीने मॅथ्समध्ये ए-स्टार मागितला, एकीने ए, आणि तिसरीने आयबीच्या निकालावरच बिनशर्त दिली. ए-स्टारवाली तिने फर्म, म्हणजे पहिली पसंती, केली आणि एवाली इन्शुरन्स, म्हणजे राखीव पसंती, म्हणून धरली. बाबांना बिनशर्तवाली घ्यावी असं वाटत होतं, वर्षभराचा ताण बघून त्यांचं तसं म्हणणं साहजिकच होतं, पण निर्णय तिचा होता आणि त्यांनीही मग नंतर आपलं म्हणणं ताणून धरलं नाही.

ऑगस्टमध्ये निकाल आला. एकूण बेरीज ४८० च्या वर, पण तिसऱ्या चौथ्या प्युअरची मिळून १८० ला पोचली नाही, थोडक्यात हुकली. म्हणजे ए. फर्म युनिव्हर्सिटीने नाही म्हटलं, इन्शुरन्सवर जागा पक्की झाली, बीएस्सी इकॉनॉमिक्स, पहिल्या वर्षी गणित आणि स्टॅटिस्टिक्स दोन्ही सक्तीचे. दोन दिवस घरात कोणी फार बोललं नाही असं तिच्या आईने सांगितलं, मग तिसऱ्या दिवशी तिने मलाच फोन करून पार्शल डेरिव्हेटिव्हचे सराव प्रश्न मागितले.

आता तिचं पहिलं सत्र झालंय. ती सांगते की शाळेतलं दोन वर्षांचं हायर इकॉनॉमिक्स तिथे पहिल्या काही आठवड्यांत उरकलं, ज्यांनी शाळेत तो विषय घेतलाच नव्हता ती मुलंही तोवर बरोबरीला आली, आणि त्यापुढे वर्गात कोण सहज चालतंय आणि कोण धापा टाकतंय ते गणितावरच ठरतंय. ती मध्ये कुठेतरी आहे, मॅथ्सच्या ट्युटोरियलला अजून दोनदा वाचून जावं लागतं, स्टॅटिस्टिक्सच्या गटात मात्र बाकीचे तिला विचारतात. दुसऱ्या वर्षी इकॉनोमेट्रिक्सचा कठीण पर्याय घ्यायचा की सोपा हे ठरवायचं आहे, आणि त्यासाठी लिनियर अल्जिब्रा सुट्टीत आधी करून ठेवूया का असं तिने विचारलंय. करूया म्हटलं.